उंबरमाळ, रोल नंबर दोन

लॅब बंद झाली तेव्हा मालकाने
दोन महिन्यांच्या पगाराऐवजी
ब्लॅक अँड व्हाइटचे एकोणीस रोल दिले.
म्हणाले, तारीख बघू नकोस, कुंदा,
फ्रीजमध्ये ठेवलेत, दुधासारखे जपलेत.

सोळा वर्षं मी काउंटरवर होते.
लोकांची बारशी, लोकांचे साखरपुडे,
लिफाफ्यावर नाव, साइझ, मॅट की ग्लॉसी.
स्वतः फोटो काढायला शिकले चाळिशीनंतर,
तेही जिथे कोणी राहत नाही अशा जागी.
समोर माणूस आला की तोंडातून अजून निघतं,
किती कॉप्या?

पेठच्या एसटीत कंडक्टरने दोनदा विचारलं.
उंबरमाळ त्याच्या मशीनमध्ये नव्हतंच.
पुढच्या फाट्याचं तिकीट दिलं,
सावळघाट चढेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

वर जायची वाट मोहाच्या फुलांनी पिवळी झालेली.
कोणी वेचली नव्हती.
एवढ्यावरून कळायला हवं होतं.

डोंगराला भेग गेली त्या वर्षी सगळे उठले,
खाली रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये गेले.
कौलं ठेवून गेले, पत्र्यावर कौलांचं काय काम.
दारं मात्र नेली. सागाची होती.
आता प्रत्येक घराला एक काळं तोंड,
आणि आत, भर दुपारी,
मला मोजता न येणारा अंधार.

माझ्या कॅमेऱ्याचा मीटर मेलाय.
तळहात उन्हात धरते, त्यावरून उजेड ठरवते.
जात्याची खळगी. भिंतीवर खडूने लिहिलेले
चौदाचा पाढा, एकशे बारापर्यंत.
एका चुलीचा घेतला नाही.
का, ते सांगता येणार नाही.

एकविसाव्या फ्रेमला जिवल्या गावित आला,
शेळीमागे.
म्हणाला, दाखवा.
मी कॅमेरा उलटा केला : मागे चामडं,
आणि बोटभर खिडकीत रोलचं नाव.
तो तिथे थोडा वेळ बघत थांबला.
कधी दिसंल?
पंधरा दिवसांनी. दिसलं तर.
मग त्याने सदऱ्याची बटणं लावली,
शेजारच्या वेसूच्या घरापुढे जाऊन उभा राहिला.
आमचं एका अंगानं बसलंय. हे नीट आहे,
ह्याच्यापुढं काढा.

बाथरूमच्या दाराखाली टॉवेल खुपसून
अंधारात रोल रिळावर चढवला.
बादलीत बर्फ. बाहेरून सासूबाई :
अजून किती वेळ?
मग ती ओली पट्टी वाळत घातली दोरीवर
त्यांच्या लुगड्याशेजारी, खाली चिमटा लटकवून.

सोळा वर्षं मी निगेटिव्ह उजेडात धरली
ती फक्त नंबर वाचायला.
त्या रात्री ट्यूबलाइटसमोर धरली आणि पाहिलं :
उंबरमाळवर आभाळ काळंकुट्ट,
आणि एकूण एक घरात दिवा.
दारादारातून उजेड बाहेर सांडलेला.
जुन्या फिल्मचे दाणे अंगणात मुंग्यांसारखे.
जिवल्याचा पांढरा सदरा काळा,
केस पांढरेशुभ्र,
आहे त्याहून तीस वर्षं पुढचा.

प्रिंट काढली असती तर
दारं परत काळी झाली असती.
म्हणून पट्टीच घेऊन गेले.

शेडच्या पायरीवर त्याने ती उन्हाकडे धरली.
उलटी आहे, म्हणाला, विहीर ह्या अंगाला.
फिरवली.
मग एकेक घर ओठांत मोजलं.
वेसूकडं पण लावलाय, म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता :
रातची आली होती का परत, बाई?

मी नाही म्हटलं नाही.

एकविसाव्या फ्रेमवर, आभाळात,
त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय.
पुसायचं औषध आहे माझ्याकडे,
लॅबमधली अर्धी बाटली.